मल्चानींकडे वाट जात नाही

लाचेझार दुकानात शिरला तेव्हा मी मान वर न करताच, सवयीनं विचारलं, "कोण गेलं?"

माझ्या दुकानात पहिला प्रश्न तोच असतो. मी शोकपत्रकं छापते, हॉस्पिटलच्या समोर, औषधवाल्याच्या शेजारी. घरचे लोक फोटो घेऊन येतात, मी तो नीट कापते, खाली चार ओळी टाकते, आणि मग ते कागद दारावर, झाडावर, बस थांब्यावर चिकटतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. आमच्या कारशियाकात, बल्गेरियातल्या प्लोव्दिव शहराच्या ह्या वस्तीत, माझ्या हाताखालून न गेलेला मेलेला माणूस सापडणं कठीण.

"मल्चानी," तो म्हणाला.

तेव्हा मी वर बघितलं. माझा पहिला आणि शेवटचा नवरा. केस पांढरे झालेले, पण मुद्दाम करून घेतल्यासारखे. बाहेर गल्लीभर मिरच्या भाजल्याचा वास, लोक बनियनवर बसलेले, आणि ह्याच्या गळ्यात मफलर.

"मल्चानींचं पत्रक निघत नाही," मी म्हटलं. "प्रेत नाही, तारीख नाही. मेले की हरवले, तेच कुणाला माहीत नाही."

"तुला माहीत आहे, इगली."

"मला माहीत असून काय करायचं? पुस्तकावर नाव तुझं."

"माझं कुठंय? आर्थर ग्रेवुडचं आहे." आणि हसला. ते हसणं अजून तसंच होतं, समोरच्याचा राग परस्पर माफ करून टाकणारं.

हे ग्रेवुड प्रकरण आधी सांगायला हवं. कम्युनिस्टांची जुनी राजवट नुकतीच पडली होती. दुकानं रिकामी, वीज दोन तास असायची आणि दोन तास नसायची, आणि पोरं खेळपुस्तकांच्या मागे खुळावली होती. खेळपुस्तक सरळ वाचायचं नसतं. त्यात आकडे घातलेले तुकडे असतात आणि वाचणारा स्वतःच त्यातला वीर असतो. डावीकडच्या गुहेत शिरायचं असेल तर चाळीसवर जा, पूल ओलांडायचा असेल तर दोनशे सातवर. चुकलास की मेलास, पुन्हा पहिल्यापासून. ही पुस्तकं इंग्रजाची असली तरच खपायची. आमच्या कारशियाकातल्या माणसानं ड्रॅगन मारला हे कुणाला पटणार? म्हणून कव्हरवर आर्थर ग्रेवुड आणि आत बारीक अक्षरांत 'इंग्रजीवरून अनुवाद'. ग्रेवुड म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल. एका बाजूला लाचेझार, दुसऱ्या बाजूला मी.

तलवारी, राजे, सापळे त्याचे. आकडे माझे. चिठ्ठ्या फरशीवर पसरून कुठला तुकडा कुठे जातो ते जाळं मी विणायची, कारण त्याचं डोकं चढायचं. आणि मल्चानी माझे.

ते मला दुधाच्या रांगेत भेटले. थंडीत उभ्या असलेल्या बायका, बोलून तोंडातली वाफ वाया घालवायची नाही म्हणून गप्प. गाडी आली का, आज मिळेल का, तुझा मुलगा गेला का जर्मनीला, सगळी उत्तरं मानेवर. मी घरी आले आणि त्यांना उचलून डोंगरात वसवलं. मल्चानी, म्हणजे गप्प राहणारे. ते हो किंवा नाही तोंडानं कधी म्हणत नाहीत, आणि ज्याला मान वाचता येत नाही त्याला मीठही विकत नाहीत. भाकरीच्या मध्ये भोक ठेवतात आणि पाहुणा दारात आला की आधी त्या भोकातून त्याच्याकडे बघतात. जो भोकात मावला, तो फार मोठा नाही, मग आत घ्यायला हरकत नाही. पोरं ड्रॅगन विसरली. मल्चानी नाही विसरली.

तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी ते निघून जातात. चुली कोमट, दारं उघडी, आणि सगळा गाव ओळीनं खिंडीतून चाललेला. सगळ्यांत मागे एक म्हातारी. तू तिला गाठतोस आणि विचारतोस, "परत याल का?" त्यापुढे एकच ओळ. 'म्हातारीनं मान हलवली.' मग धुकं, आणि पुस्तक संपलं. चौथ्यात मल्चानी नाहीत, पाचव्यात नाहीत, बाराव्यापर्यंत कुठे नाहीत.

आता आमच्याकडे मान आडवी हलली की हो, आणि हनुवटी वर झटकली की नाही. बाकी जगात उलटं असतं म्हणे. त्यांचं ते बघून घेतील. पण पुस्तक पडलं इंग्रजाचं! इंग्रज म्हातारीनं मान हलवली म्हणजे नाही, म्हणजे मल्चानी कायमचे गेले. पोरं रडली. मग काही वर्षांनी वर्तमानपत्रात फुटलं की ग्रेवुड साहेब म्हणजे प्लोव्दिवचा लाचेझार. झालं! माणूस आपला, तर मान आपली, म्हातारी हो म्हणाली, मल्चानी जिवंत! त्यावर दुसरे म्हणाले, अहो, तो इंग्रजाचं सोंग करत होता ना, मग मानसुद्धा सोंगातलीच असणार. होकारी आणि नकारी असे दोन पक्ष पडले. ती पोरं आज चाळिशीची आहेत, गुडघे वाजतात त्यांचे, पण वाद मिटलेला नाही. बिसेरा म्हणून दातांची डॉक्टर आहे, होकारींची पुढारी. वडिलांचं पत्रक करायला माझ्याकडे आली होती. डोळे पुसत म्हणाली, "मावशी, बाबा शेवटपर्यंत नकारी राहिले हो." मी फोटो कापत राहिले.

ती मान माझी होती.

फेब्रुवारीची दुपार, वीज गेलेली. मी फरशीवर बसून तिसऱ्या पुस्तकाच्या चिठ्ठ्या लावत होते. अर्ध्या फरशीवर, अर्ध्या ओठांत धरलेल्या. लाचेझार दारात सूटकेस घेऊन उभा. राजधानीत, सोफियात, प्रकाशकाकडे जायचंय, महिनाभराचं काम आहे, असं आठवडाभर ऐकत होते. प्रकाशकाची भाचीही तिथेच काम करते हे ऐकलं नव्हतं, पण मला कान होते. त्यानं विचारलं, "मग, परत येऊ ना?"

मला सगळं माहीत होतं, आणि तरी मी मान हलवली. आडवी, सावकाश, ओठांतल्या चिठ्ठ्या पडू न देता. ये म्हटलं मी त्याला. तो क्षणभर बघत राहिला. मग दार ओढून घेतलं, हळूच, आजारी माणसाच्या खोलीचं ओढतात तसं.

महिन्याभरात इथपर्यंत बातमी आली. तो सगळ्यांना सांगत होता, "मी विचारलं, परत येऊ का. तिनं मान हलवली. मी काय करणार?" बघा, एक शब्द खोटा नाही. मान हलवली. पण तोंड पाडून, उसासा सोडून सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मान कुठल्या बाजूला हलते? असा बल्गेरियन अजून जन्माला आलेला नाही ज्याला आपल्या बायकोची मान कळत नाही. त्याला कळली होती. त्याला 'नाही' हवं होतं, म्हणून त्यानं ते उचललं आणि घेऊन गेला. आमच्या वाटण्या अशा झाल्या: मिरच्या भाजायचं यंत्र मला, आर्थर ग्रेवुड त्याला. माझी आई मरेपर्यंत म्हणायची, "सोन्यासारखा नवरा, मानेच्या एका झटक्यानं घालवलास." खालच्या मजल्यावरची लेफ्तेरका, माझी जिवाची मैत्रीण, तीसुद्धा मनातून तेच धरून होती. मी सांगून बघितलं. घालवलेल्या बाईचं कोण ऐकतं? पुस्तकाचा शेवट मी एकटीनं पुरा केला आणि त्याचंच वाक्य त्यात घातलं, जसंच्या तसं. घ्या, भांडा आता.

म्हणजे मला काय हवं होतं ते कळलं असेल. तो नको होता. तो परत आला असता तर बहुधा मीच कधीतरी विष घातलं असतं. मला फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, कारशियाकातल्या लोकांसमोर, की त्याला कळलं होतं.

आणि आता तो माझ्या दुकानात, मेलेल्यांच्या फोटोंमध्ये, मफलर सावरत उभा.

"नवा प्रकाशक सगळी पुस्तकं पुन्हा काढतोय," तो म्हणाला. "आणि एक शेवटचं. मल्चानींचं. जाहीरही केलंय. मी दोनदा लिहून बघितलं, इगली. एकदा परत आणले, एकदा मारले. पण ते... बोलतच नाहीत."

"ते बोलत नाहीतच. नाव वाचलं नाहीस का त्यांचं?"

"थट्टा नको. मल्चानींचे तुकडे तू लिही. पूर्वीसारखे. आणि आकडेही तूच लाव. मी शेवटी आभार मानीन."

"कसे?"

"म्हणजे, 'इ. हिचे आभार.' असं काहीतरी. नाजूक."

इ. सबंध नावाचं ओझं होईल म्हणून पहिलंच अक्षर.

मी मान हलवली. तो गोंधळला. सोफियात, टीव्हीवर मुलाखती देऊन देऊन त्याची मान आता बाहेरच्यांसारखी वरखाली हलते.

"म्हणजे हो ना? तोंडानं सांग बाई, उगाच नंतर..."

"उगाच नंतर काय, लाचो?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"हो," मी म्हटलं. "लिहीन."

लेफ्तेरकाला सांगितलं तर तिच्या हातातली सोललेली मिरची परातीत पडली. ल्यूतेनित्साचा, म्हणजे भाजल्या मिरच्यांच्या चटणीचा, रगडा चालला होता आमचा, कोपरापर्यंत लाल.

"तुला काही लाजलज्जा? त्यानं टाकलं, आणि तू त्याच्या खरकट्याला पुन्हा फोडणी देतेस?"

"सूड घेतेय."

"आभारात इ. छापून? भारीच सूड बाई! मेला लाजेनं तो!"

"लेफ्तेरका, लहानपणी खेळपुस्तक वाचलंयस कधी?"

"मी? मी तेव्हा दोन पोरांची आई होते. पोरं वाचायची. वाचायची कसली, पानांत बोटं खुपसून बसायची. एक बोट इथे, एक तिथे, मेलं की मागे. आणि चाळायची सारखी, पुढे काय आहे ते बघायला. लबाड मेली."

"तेच," मी म्हटलं.

लाचेझारनं खेळपुस्तक लिहिलं, वाचलं कधी नाही. तो नेहमी वाटेनं जायचा. एकवरून चाळीसवर, चाळीसवरून नव्वदवर, बरोबरची खूण करत. वाट बरोबर लागली की तो खूश. वाटेबाहेर काय आहे ते त्यानं कधी उघडून बघितलं नाही, पुस्तकातही आणि बाहेरही.

हिवाळाभर लिहिलं मी. दुकानात, पत्रकांच्या मधल्या वेळात. एखाद्या आजोबांचा फोटो छापून निघेपर्यंत मल्चानींची एक चूल पेटायची. त्याचे तुकडे यायचे, मी त्यांत माझे गुंफायचे, आकडे टाकायचे. त्यानं मागितले तसे मल्चानी दिले त्याला. खिंडीपलीकडे सापडणारा रिकामा गाव, बर्फातल्या पावलांच्या खुणा, शेवटी धुक्यात एक दिवा, आणि वाचणारा त्याच्याकडे चालू लागतो. गोड, गुळमट, काहीच न सांगणारा शेवट. लाचेझार फोनवर म्हणाला, "वा! काय सूचक!"

आणि त्या सगळ्याच्या मध्ये, एकशे सत्तावीस आणि एकशे एकोणतीसच्या मध्ये, मी एक तुकडा ठेवला. पुस्तकातल्या एकाही तुकड्यात 'एकशे अठ्ठावीसवर जा' असं लिहिलेलं नाही. कुठूनही निघा, कसंही वळा, तिथे पोचत नाही.

धास्ती एवढीच होती की प्रकाशकाकडे कुणी तपासेल. आता म्हणे कॉम्प्युटरला विचारलं की तो एका क्षणात सांगतो, कुठल्या तुकड्याला वाट नाही. तसं करायचं ठरलंही होतं. पण लाचेझारनं मला अभिमानानं फोन करून सांगितलं, "मी स्पष्ट बजावलंय, ग्रेवुडच्या आकड्यांत आजवर एक चूक निघालेली नाही. माझ्या आकड्यांना कुणी हात लावायचा नाही."

"तुझ्या," मी म्हटलं.

"म्हणजे, आपल्या."

"नाही नाही. तुझ्याच."

पुस्तक मे महिन्यात आलं आणि दोन आठवड्यांनी लाचेझार आमच्याच वस्तीतल्या वाचनालयाच्या सभागृहात वाचकांना भेटायला आला. जन्मगावी शेवट, असं काहीतरी पोस्टरवर होतं. मी आणि लेफ्तेरका मागच्या रांगेत बसलो. लेफ्तेरकानं सूर्यफुलाच्या बिया आणल्या होत्या, सिनेमाला आल्यासारखं. सभागृह गच्च. होकारी डावीकडे, नकारी उजवीकडे, लग्नातल्या दोन बाजूंसारखे. औषधवाला होता, शाळेची जुनी बाई होती, ज्यांच्या घरची माणसं मी छापली ते अर्धेअधिक होते. इतके जिवंत लोक एकदम बघायची मला सवय राहिली नव्हती.

लाचेझार छान बोलला. तो छान बोलतोच. मग बिसेरा उठली, हातात पुस्तक, मध्ये बोट घातलेलं.

"माझा प्रश्न एकशे अठ्ठावीसबद्दल आहे," ती म्हणाली.

लाचेझार हसला. "कुठल्या वाटेनं पोचलात तिथे?"

"वाटच नाही. मी सगळ्या वाटा चालून बघितल्या. मग लहानपणीसारखी चाळत बसले, तेव्हा सापडला. वाचू?"

तो काही म्हणायच्या आत तिनं वाचायला सुरुवातही केली. दातांच्या डॉक्टरांना समोरच्याच्या उत्तराची वाट बघायची सवय नसते.

"'इथे तू कसा आलास ते आम्हाला माहीत आहे. कुठल्याही आकड्यानं तुला पाठवलेलं नाही. पानांत बोट घालून चाळत होतास. ये, बस. भाकरी गरम आहे.

"'आम्ही हरवलो नाही. ज्यानं आमची वाट पुसली त्याला वाटलं, जिथे आकडा जात नाही तिथे कुणी राहत नाही. आम्ही तिथेच राहतो.

"'खिंडीत म्हातारीनं मान कशी हलवली, हे तुला विचारायचंय. आडवी. आपल्याकडे हलवतात तशी. ती हो म्हणाली. विचारणाऱ्याला ते कळलं होतं. त्याला नकार हवा होता, म्हणून नकार घेऊन गेला, आणि गावभर तोच वाटत सुटला.

"'आम्हाला घडवणाऱ्या बाईचं नाव इग्लिका. ती कारशियाकात राहते आणि अजून जिवंत आहे. इथून पुढे कुठेही जाऊ नकोस.'"

लेफ्तेरकाचा बियांचा हात तोंडाशी थांबला होता. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं.

लाचेझारचा चेहरा दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टसारखा झाला होता. ह्या क्षणासाठी मी हिवाळाभर बोटं गोठवली होती. आता तो म्हणणार, ही छपाईची चूक आहे. किंवा ओरडणार. किंवा उठून जाणार. मला काहीही चाललं असतं.

पण त्यानं हनुवटी सावरली, आणि हसला.

"शाबास, डॉक्टर. मी वाटच बघत होतो, कोण आधी शोधतंय." तो माइकच्या जवळ सरकला. "हा तुकडा मी मुद्दाम ठेवला. माझ्या पहिल्या बायकोसाठी. वाट नसलेली जागा. लेखक दुसरं काय देऊ शकतो?"

टाळ्या! होकारी, नकारी, दोन्हीकडून. कुणीतरी नाकही ओढलं.

"घे," लेफ्तेरका दात आवळून म्हणाली. "तुझा सूडसुद्धा त्यानंच गळ्यात घातला, मफलरसारखा. ऊठ की! बोल काहीतरी!"

मला उठता येईना. इतकी वर्षं जपून आंबवलेलं, आणि त्यानं एका घोटात पिऊन वर ढेकर दिला.

बिसेरा मात्र खाली बसली नव्हती. कपाळाला आठी घालून पुस्तकात बघत होती, दुखरा दात कुठला ते नक्की होत नसल्यासारखी.

"म्हणजे हे तुम्हीच लिहिलंत?"

"शब्द न् शब्द."

"मग मल्चानी इग्लिकाबाईंचे, हे खरं?"

"अर्थात! पहिल्यापासून तिचेच. मी ते कधी नाकारलं नाही." कुणी कधी विचारलंच नव्हतं, पण असो. पुन्हा टाळ्या. टाळ्या आल्या की लाचेझार फुलतो, पूर्वीपासूनचं आहे. त्यानं खुर्ची पुढे ओढली.

"आणि ती मान? ते घडलेलं आहे?"

"लेखकाला सगळं घरातूनच मिळतं, डॉक्टर." हशा.

"म्हणजे विचारणारे तुम्ही."

"मी."

"आणि त्या हो म्हणाल्या होत्या."

"हो म्हणाली होती, बिचारी."

"आणि तुम्हाला ते कळलं होतं."

तो उत्तर द्यायला निघाला आणि मध्येच थांबला. मागच्या रांगेतून मला दिसलं, त्याला जमिनीतलं भोक दिसलं ते. नाही म्हणावं, तर हे त्यानं लिहिलेलं नाही. हो म्हणावं, तर ह्याच सभागृहात बसलेल्या लोकांना तो आयुष्यभर काय सांगत आला? इकडून गेलास तर मेलास, तिकडून गेलास तर मेलास. आणि ह्या वेळी मागच्या पानात ठेवलेलं बोट नव्हतं.

"मी तेव्हा तरुण होतो," तो म्हणाला.

"ते कळलं," नकारींमधून कुणीतरी मोठ्यांदा म्हणालं. "पण मान कळली होती का?"

लाचेझारनं मान हलवली. ती सोफियातली, टीव्हीवरची मान, वरखाली. अर्धं सभागृह म्हणालं, हो म्हणतोय. अर्धं म्हणालं, नाही म्हणतोय. गलका झाला. लोक उभे राहिले. औषधवाल्यानं आपली मान दोन्हीकडून हलवून शेजारच्याला दाखवली.

"तोंडानं सांगा!" बिसेरा ओरडली.

"हो!" तो माइकमध्ये म्हणाला. वैतागून, सगळ्यांवर एकदम खेकसल्यासारखा. "हो, कळलं होतं! झालं?"

झालं. माइक चांगला होता. शेवटच्या खिडकीपर्यंत गेलं ते.

ह्या वेळी टाळ्या नव्हत्या. शाळेची जुनी बाई, जिनं एकदा भर बाजारात मला 'संसार असे मानेवर उडवत नाहीत' असं सुनावलं होतं, ती हळूहळू मागे वळली आणि मला शोधायला लागली. मग तिच्या शेजारचे वळले. लेफ्तेरकानं बियांची पुडी चुरगळली आणि उभी राहून, जिन्यावरून पोरांना हाक मारायच्या आवाजात ओरडली, "आणि आम्ही इतकी वर्षं हिलाच बोल लावत बसलो रे, मेल्या!" मग माझ्याकडे बघून, पार वेगळ्या आवाजात, "अगं, तू सांगत का नाही राहिलीस? डोक्यात घालायचं ना माझ्या!"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, जाऊ दे आता."

"मी मूर्ख आहे. माझं कशाला ऐकलंस?"

मला आईची आठवण झाली. तिचं पत्रक मीच केलं होतं. हे ऐकायला ती हवी होती, एवढं मात्र चुकलं. ह्याला सूड म्हणतात, पण तो नेहमी एखाद्या माणसासाठी उशिराच पोचतो.

सह्यांची वेळ झाली. स्टेजच्या खाली टेबल मांडलं होतं, त्यावर पुस्तकांच्या थप्प्या. लाचेझार येऊन बसला. उठून जायला जागा नव्हती, दारापर्यंत लोक. पण त्याच्यापुढे रांग लागेना. बिसेरा थेट मागे आली आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं, एकशे अठ्ठावीसवर उघडून.

"मावशी, इथे. सबंध नाव लिहा हं, इ. नको."

"तुझे बाबा..." मी म्हटलं.

"हरले," ती म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदम आलं. "चाळिसाव्या दिवशी मी गेले होते तेव्हा थडग्यापाशीसुद्धा भांडले त्यांच्याशी. आता जाऊन सांगते."

मग दुसरी आली, मग तिसरा. होकारी, नकारी, आता सारखेच. शेवटी लेफ्तेरकानं मला हाताला धरून पुढे नेलं आणि खुर्ची ओढून लाचेझारच्या शेजारी टेबलाशी बसवलं, कारण मांडीवर सह्या नीट उमटत नव्हत्या. मी एकेक पुस्तक घ्यायची, त्याच्या छापलेल्या नावावरून पानं उलटत आत जायची आणि जिथे कुठलाच आकडा जात नाही त्या पानावर माझं नाव घालायची. सबंध. इग्लिका, आडनावासकट. माझ्या माहेरच्या.

"हे बरं केलं नाहीस," लाचेझार ओठ न हलवता म्हणाला. समोर कॅमेरे होते, त्यामुळे त्याला हसत बसणं भाग होतं.

"मी काय केलं? तूच लिहिलंस ना. शब्द न् शब्द."

"पुढचं पुस्तक कोण लिहिणार आता?"

"तू लिही की. राजे आहेत, सापळे आहेत."

"आणि मल्चानी?"

"ते माझ्याकडे जेवायला आहेत," मी म्हटलं, आणि पुढच्या बाईकडे वळले. तिची मुलगी दूरदेशी कॅनडात होती, तिच्यासाठी सही हवी होती. मुलीचं नाव लिहिता लिहिता माझ्या पेनानं जीव सोडला. दुकानातलं स्वस्त पेन, फार तर एखाद्या पत्रकापुरतं.

मी लाचेझारकडे हात केला. त्याच्याकडे शाईचं पेन होतं, काळं, जड, प्रकाशकानं दिलेलं, आणि संध्याकाळभर ते कुणासाठी उघडावं लागलं नव्हतं. रांगेतले सगळे बघत होते. त्यानं झाकण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

सुंदर चालतं ते. कागदावर खरखर नाही, थांबणं नाही. सगळ्या सह्या पुऱ्या केल्या त्या पेनानं. ते अजून माझ्याकडेच आहे. झाकण मात्र त्याच्याकडे राहिलं.